उजव्या डोळ्यातलं जाळं

पद्मावती मगदूम यांच्या डोळ्यांना काही झालं आहे, असं त्यांना स्वतःला कधीच वाटलं नव्हतं. त्रेसष्टाव्या वर्षीही चष्मा लागायचा तो फक्त पेपर वाचताना. मिरजेत मालगाव रस्त्यावरच्या घरातून रोज सकाळी त्यांची पिवळी बॅटरीवरची व्हॅन निघायची, गल्लीबोळांतून मुलं गोळा करायची आणि सांगलीतल्या शाळेच्या दारात नेऊन सोडायची. पस्तीस वर्षं हेच चाललं होतं. आधी रिक्षा, मग गॅसवरची गाडी, आता ही. नवरा बाळगोंडा अकाली गेला तेव्हा दीर म्हणाला होता, "बाईमाणसानं रिक्षा चालवायची म्हणजे..." आणि वाक्य तिथंच सोडलं होतं. ते पुरं व्हायची वाट पद्मक्कांनी बघितली नाही. पोरगा अभय तेव्हा दुसरीत होता. त्याला पुढच्या सीटवर शेजारी बसवून त्यांनी पहिली खेप केली.

सगळं गाव त्यांना पद्मक्का म्हणायचं. बोलणं अस्सल मिरजेकडचं. तिथल्या बायका बोलतात तसं त्याही 'मी आलो, मी जातो' असंच बोलायच्या. अभयच्या नाशिकच्या बायकोला सुरुवातीला याचं हसू यायचं, पुढं सवय झाली.

त्या वर्षी नवा नियम निघाला. साठीपुढच्या माणसाला प्रवासी वाहनाचं लायसन नवं करून घ्यायचं असेल, तर डोळ्यांच्या आतलं चित्र काढून घेणं सक्तीचं झालं. तपासणीच्या शिबिरात शिवणयंत्राच्या डोक्याएवढं एक यंत्र टेबलावर ठेवलं होतं. हनुवटी टेकवायची, समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. ना सुई, ना थेंब, ना कसला त्रास.

"झालं, अक्का," तिथली मुलगी म्हणाली.

"एवढंच? मला वाटलं अजून सुरूच व्हायचंय."

भिंतीवरची अक्षरं त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवली होती. तरी कागदावर लाल अक्षरांत आलं: दोन्ही डोळ्यांत पडद्याखाली असाधारण रक्तवाहिन्या. उपचार होईपर्यंत लायसन स्थगित.

पद्मक्का तो कागद घेऊन थेट नौशादच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर नौशाद सतारमेकर हे डोळ्यांच्या पडद्याच्या आजारांतले तज्ज्ञ. घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवायचं काम, हा एकटाच डॉक्टर झालेला. लहानपणी पद्मक्कांच्याच रिक्षातून शाळेत जायचा, म्हणून एवढा मोठा झाला तरी त्यांना तो नौशादच होता.

नौशादनं चित्र पडद्यावर मोठं करून दाखवलं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर सोन्याच्या तारांसारख्या असंख्य बारीक रेघा पसरल्या होत्या.

"हे माझ्या डोळ्यातलं?"

"तुमच्याच. हे सगळं वाहणारं रक्त आहे, अक्का."

"सुई न टोचता रक्त कसं दिसलं?"

नौशादला हा प्रश्न आवडला. म्हणाला, "पूर्वी टोचावीच लागायची. दंडाच्या शिरेत रंग सोडायचो, तो डोळ्यापर्यंत पोचला की फोटो काढायचो. माणसांना मळमळायचं, दिवसभर लघवी पिवळीधमक व्हायची. आता नुसता उजेड पुरतो. आपल्याला दिसत नाही असा प्रकाश बाहुलीतून आत सोडायचा. पडद्याला पापडासारखे पातळ थर असतात. प्रत्येक थरावरून थोडा थोडा उजेड परत फिरतो. कुठून किती परतला, त्यावरून थर किती जाड ते कळतं. मग त्याच जागेची चित्रं यंत्र लागोपाठ काढतं, पापणी लवायच्या आत, आणि एकमेकांवर ठेवून बघतं. जे जागचं हललं नाही ते सगळं पुसून टाकतं. उरतं ते फक्त हलणारं. तुम्ही गप्प बसला असताना डोळ्याच्या आत हलतं काय? रक्त."

मग त्यानं बोट चित्राच्या मध्यावर आणलं. तिथं रेघांचा एक गुंता होता, चिंचेच्या पाल्यासारखा फाटे फुटलेला.

"मसुराच्या दाण्याएवढी ही जागा. समोरच्याचं तोंड बघता, अक्षरं वाचता, ते सगळं हिच्या जोरावर. तिच्या बरोबर खाली हे जाळं उगवलंय. जन्माचं नाही, वयानं आलेलं. या वाहिन्यांच्या भिंती फार कच्च्या असतात. एखाद्या दिवशी पाझरतात, नाहीतर फुटतात, आणि मधलं दिसणं जातं. आधी आम्हाला हे फुटल्यावर कळायचं. सरळ रेघ वाकडी दिसते म्हणत माणूस यायचा, तोवर उशीर झालेला असायचा. आता दोन-दोन वर्षं आधी कळतं."

"आणि औषध?"

"नवं आलंय. डोळ्यात एकच सुई, जाळं सुकून जातं. आधी डावा करू, सहा महिन्यांनी उजवा. तोवर तात्पुरतं लायसन मिळेल."

पद्मक्का घरी पोचायच्या आत अभयचा नाशिकहून फोन आला. दवाखान्याच्या नोंदीत त्याचाच नंबर दिलेला होता, त्यामुळे चित्र आईच्या आधी त्याच्या फोनवर गेलं होतं.

"आई, विचार करत बसू नकोस. उद्याच घे सुई."

"अरे, मला दिसतंय की सगळं."

"आत्ता दिसतंय. तू बघितलंस ना ते चित्र? टाइमबॉम्ब आहे तो."

पद्मक्कांना काही दुखत नव्हतं, पण ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. डाव्या डोळ्यात सुई घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा यंत्रापुढे बसल्या, तर गुंता साफ गेलेला. नौशाद खूश, अभय खूश, लायसनच्या कचेरीतला माणूसही खूश. व्हॅन पुन्हा सुरू झाली.

डिसेंबरातल्या एका सकाळी रेल्वे फाटक बंद होतं आणि व्हॅन रांगेत उभी होती. मागं बसलेली मिस्बाह मुजावर ही दुसरीतली पोरगी नुकतंच डोळा मारायला शिकली होती आणि गाडीतल्या प्रत्येकाला ते करून दाखवत होती.

"अक्का, तुम्हाला एक डोळा मिटता येतो?"

"येतो की," म्हणून पद्मक्का मागं वळल्या आणि उजवा डोळा मिटून मिस्बाहकडे बघितलं.

दोन वेण्या दिसल्या. लाल रिबिनी दिसल्या. कानांतले डूलही दिसले. मधे तोंड नव्हतं. पाटीवरची अक्षरं ओल्या बोटानं पुसावीत तसं नाक, ओठ, डोळे सगळं पुसलेलं. आवाज मात्र येत होता, "अक्का, मला पण मारा ना डोळा!"

त्यांनी पटकन उजवा डोळा उघडला. पोरगी जशीच्या तशी समोर.

फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. पद्मक्कांनी गाडी अगदी हळू चालवत शाळेपर्यंत नेली, मुलं उतरवली आणि मग स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. थोड्या वेळानं मिस्बाहच्या आईला फोन केला. शाहीन मुजावर माल पोचवायचा टेंपो चालवायची, तिच्याकडे सगळी लायसनं होती.

"शाहीन, आज मुलांना घरी तू आणशील? किल्ली शाळेच्या वॉचमनकडं ठेवतो."

"काय झालं, अक्का?"

"झालंय काय ते बघायलाच निघालोय," पद्मक्का म्हणाल्या आणि रिक्षा करून नौशादकडे गेल्या.

नौशादनं नवं चित्र काढलं आणि सहा महिन्यांपूर्वीचं जुनं शेजारी लावलं.

"जाळं परत आलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. जाळं गेलं ते गेलंच. औषधानं त्याचं काम चोख केलंय." त्यानं चित्र बदललं. आता पडद्याचे थर आडवे कापल्यासारखे दिसत होते. "हे सुईच्या आधी. बघा, थर कसा भरलेला आहे. आणि हे आजचं."

आजच्या चित्रात मधला थर खंगला होता. धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखा.

"अक्का, वय झालं की पडद्याच्या खालचा मूळचा रक्तपुरवठा आटत जातो. वरच्या पेशी उपाशी पडतात. मग त्या एक रसायन सोडतात, म्हणजे हाकच मारतात म्हणा. त्या हाकेवर खालून नव्या वाहिन्या येतात. काही ठिकाणी त्या पाझरतात, घात करतात. पण काही ठिकाणी... त्या जेवण घेऊन आलेल्या असतात. तुमच्या डाव्या डोळ्यातलं जाळं गळत नव्हतं. बहुतेक ते पडद्याला जगवत होतं. मी ते बंद केलं."

"बहुतेक?"

"शपथेवर सांगू शकत नाही. पण माझ्या आणखी काही पेशंटांत असंच दिसायला लागलंय. बाहेरच्याही एक-दोन डॉक्टरांनी लिहिलंय. नियम झाला तेव्हा हे कुणाला माहीत नव्हतं. इतक्या आधी ही जाळी कधी कुणाला दिसलीच नव्हती. दिसली की धोका, असंच सगळे धरून चाललो."

"म्हणजे मला चांगलं दिसत होतं. आणि माझं दिसणं वाचवायला म्हणून तू सुई दिलीस."

"होय."

"आता येईल का परत?"

"नाही, अक्का. मेलेला थर परत येत नाही."

नौशादचा चेहरा उतरला होता. एरवी पद्मक्कांनी कुणालाही 'असू दे रे' म्हटलं असतं. त्या दिवशी म्हटलं नाही. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला तोही घेतला नाही.

"उजव्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"उजव्यात जाळं आहे. डाव्यापेक्षा मोठं आहे, आणि एक थेंबही गळत नाही. सुई घेतली तर चित्र साफ येईल आणि तुम्हाला पक्कं लायसन मिळेल. नियमाला साफ चित्र लागतं. अक्षरं वाचायची परीक्षा ते दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतात, त्यात तुम्ही पासच होणार. पण डाव्यासारखा उजवाही विरत जाईल, मला तशी भीती आहे."

"आणि नाही घेतली तर?"

"तर लायसन रद्द. डोळा कदाचित कितीतरी वर्षं चांगला राहील. किंवा एखाद्या सकाळी पाझरायला लागेल. रोज लक्ष ठेवावं लागेल."

"तुझी आई असती तर?"

"तर सुई दिली नसती," तो म्हणाला. "आणि रोज सकाळी भीत उठलो असतो."

दोन दिवसांनी अभय स्वतःच आला. आईला गाडीत घालून पुण्याला नेलं, तिथल्या नावाजलेल्या डॉक्टरांना दाखवलं. ते सभ्य माणूस होते. त्यांनी सगळी चित्रं शांतपणे बघितली आणि म्हणाले, "तुमच्या डॉक्टरांची शंका चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण अजून सिद्ध काही झालेलं नाही. मी लिहून देणार ते ठरलेल्या पद्धतीप्रमाणेच. सुई घ्या. उद्या जाळं फुटलं तर जबाबदार कोण?"

परतताना साताऱ्याजवळ अभयनं विषय काढला.

"पुढच्या आठवड्याची वेळ घेऊ या."

"कशाची?"

"आई! एवढे मोठे डॉक्टर सांगतायत."

"ते म्हणाले, सिद्ध झालेलं नाही. मग माझ्याच डोळ्यात सिद्ध करायचं का?"

"आणि फुटला तर? एक तर गेलाच आहे. दुसरा गेला की तू काय करणार आहेस? एकटी राहतेस. गॅस कुठला, दार कुठलं..." त्याचा आवाज चढला. "डाव्याच्या वेळी मीच तुझ्या मागं लागलो होतो. तू नाही म्हणत होतीस. आता उजव्याला काही झालं, मी काही केलं नाही म्हणून झालं, तर मी काय करायचं?"

पद्मक्कांनी त्याच्याकडे बघितलं. चाळिशी ओलांडलेला, कानशिलावर पांढरे आलेले. हा इतके दिवस रागानं बोलतोय असं त्यांना वाटत होतं.

"अभय," त्या म्हणाल्या, "डोळा माझा आणि भीती तुझी. दोन्ही मलाच सांभाळायला सांगू नकोस. मला एकाचंच जमेल."

कराडला चहाला थांबले तेव्हा त्यानं आईच्या कपात स्वतःच साखर ढवळून दिली.

निर्णय घ्यायला पद्मक्कांना फार दिवस लागले नाहीत. त्यांनी सगळं साधं सरळ मांडून बघितलं. सुई घेतली तर कागदावर त्या धडधाकट होणार आणि हळूहळू विरणाऱ्या डोळ्यानं पोरांनी भरलेली गाडी चालवणार. सरकारनं चालव म्हटलं म्हणून त्यांच्या हातून ते होणार नव्हतं. सुई नाही घेतली, तर डोळा राहील; पण एखाद्या सकाळी सांगली रस्त्यावर, समोर ट्रक असताना, तो पाझरला तर? हे यंत्रच निघालं नसतं तर त्यांनी बिनघोर गाडी चालवली असती. आता माहीत झालं होतं, आणि माहीत झालेलं परत नाहीसं करता येत नव्हतं. म्हणजे दोन्हीकडून गाडी सुटतच होती. ती सुटणारच असेल, तर तिच्यापायी डोळा कशाला घालवायचा?

त्यांनी शाहीनला घरी बोलावलं आणि व्हॅनची किल्ली समोर ठेवली.

"टेंपो सोड. मुलं तू ने."

शाहीननं किल्ली उचलली नाही. "तुमच्या जागेवर मी कशी बसू, अक्का?"

"सीट थोडी पुढं घे. तुझे पाय आखूड आहेत."

शाहीनला हसावं की रडावं कळेना. शेवटी असं ठरलं की चालवायचं शाहीननं आणि शेजारी पद्मक्कांनी बसायचं, मुलांना चढवायला-उतरवायला. पहिल्या दिवशी फाटकापाशी पद्मक्कांचा उजवा पाय नकळत ब्रेक शोधत पुढे गेला. तिथं नुसता पत्रा होता.

नौशादनं घरी ठेवायचं एक यंत्र दिलं, पोह्यांच्या डब्याएवढं. उठल्यावर मिनिटभर त्यात बघायचं. ते उजव्या डोळ्याचं चित्र काढायचं, कालच्याशी ताडून बघायचं, आणि निकाल नौशादला आणि अभयला पाठवायचं. पद्मक्का चहाचं आधण ठेवायच्या तोच फोन वाजायचा.

"आई, आज खालच्या कोपऱ्यात जरा जाड दिसतंय."

"दिसू दे."

"काल रात्री मोबाइल बघत बसली होतीस का?"

"नाही रे बाबा."

"मग पाणी कमी पितेस."

रोज हेच. गुडघा कसा आहे, शेजारच्या जैन मंदिरात पंचकल्याणकाचा उत्सव झाला त्याला गेलीस का, काल काय स्वयंपाक केला होतास, यातलं काही नाही. डोळ्यातल्या एकेका वाहिनीची त्याला खबर होती. हळूहळू यंत्रात बघतानाच त्यांच्या छातीत धडधडायला लागलं. डोळ्याच्या भीतीनं नाही, फोनच्या. एका सकाळी त्यांनी शाहीनकडून यंत्राच्या यादीतलं अभयचं नाव काढून घेतलं.

दोन आठवडे अभयचा फोन आला नाही. मग आला.

"तू मला बाहेर काढलंस, आई."

"तुला कुठं काढलं? तुझ्या फोनला काढलं. तू विचार की मला. मी सांगतो ना."

"तू सगळं सांगणार नाहीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे."

"सांगतो. पण मी सांगेन तेव्हा ऐकायचं. आणि माझं झालं की तुझंही सांगायचं. ऑफिसातलं, पोरांचं. नाहीतर मला ते यंत्र आणि तू एकच वाटायला लागता."

मग अभय म्हणाला, "आज काय केलंयस जेवायला?" आणि पद्मक्का हसत सुटल्या, कारण त्याचा आवाज अभ्यास न केलेला प्रश्न परीक्षेत सोडवायला घेतल्यासारखा होता.

एप्रिलमध्ये एका सकाळी यंत्र नेहमीसारखं गप्प बसलं नाही. बाईच्या आवाजात म्हणालं, "आजच डॉक्टरांना भेटा." पद्मक्कांनी पेपर उघडला, डावा डोळा झाकला आणि सर्वांत बारीक अक्षरातली निविदा वाचून बघितली. एक काना इकडचा तिकडे नव्हता. तरी त्या निघाल्या.

नौशाद दारातच उभा होता. चित्रात जाळ्याच्या कडेला एक काळी फट दिसत होती, नखाच्या चंद्रकोरीएवढी.

"पाझरलंय," तो म्हणाला. "आजच सुरू झालंय. काल हे नव्हतं."

"म्हणजे आता जाळं मारायचं?"

"नाही. जुनं औषध आहे, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं. ते गळती थांबवतं, जाळ्याला हात लावत नाही. परत परत द्यावं लागतं, म्हणून लोकांनी मागं टाकलं होतं. तुम्ही परवानगी दिलीत तर आत्ता देतो."

पद्मक्का त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. डाव्या डोळ्यातली सुई त्यांनी ह्याच खुर्चीत, ह्याच माणसाच्या हातून घेतली होती. त्या वेळी त्यांना काही माहीत नव्हतं, म्हणून भीती नव्हती.

"लागेल का रे?"

"थोडं."

"मागच्या वेळी मी काही विचारलं नव्हतं. या वेळी तू काय करतोयस ते करता करता सांग."

नौशादनं एकेक गोष्ट सांगत सुई दिली.

बाहेर येऊन, डोळ्यावर पट्टी असतानाच, पद्मक्कांनी आवाजानं सांगून अभयला फोन लावला. उजव्यावर पट्टी आणि डाव्याला मध्य नाही, त्यामुळे सगळं जग नुसत्या कडांचं झालं होतं. "अभय, पाझरलंय. सुई घेतली. आता पट्टी आहे."

एरवी त्यानं दहा प्रश्न विचारले असते. तो एवढंच म्हणाला, "येऊ का?"

"ये."

तो आला तेव्हा पट्टी निघाली होती, पण सरळ रेघा जरा लचकलेल्या दिसत होत्या. खिडकीचे गज पाण्यात बुडाल्यासारखे. तीन आठवडे ते तसेच राहिले. अभयनं घरूनच काम केलं, आईच्या हाताखाली भाकरी थापायला शिकला आणि एकदाही यंत्राच्या निकालाचं नाव काढलं नाही. मग गज हळूहळू सरळ होत गेले. एका सकाळी ते अगदी ताठ उभे होते. नौशादच्या चित्रात काळी फट नाहीशी झाली होती आणि जाळं होतं तिथंच, शांत.

पुढं नौशादनं आणि इतर डॉक्टरांनी अशा पेशंटांची चित्रं एकत्र करून वरपर्यंत पाठवली. दीड वर्षानं नियम बदलला. जाळं दिसलं की मारा, हे गेलं. गळणारं कुठलं आणि पोसणारं कुठलं हे आधी बघावं, असं आलं. पद्मक्कांना लायसनसाठी पुन्हा अर्ज करता आला असता. त्यांनी केला नाही. डावा डोळा गेला तो गेलाच होता, आणि शाहीन गाडी चांगली चालवत होती, ब्रेक जरा जास्त जोरात दाबायची एवढंच.

नौशादनं अभयला मात्र एक गोष्ट सांगून ठेवली होती. हा आजार घराण्यातून उतरतो. आईला असेल तर मुलानं चाळिशीनंतर एकदा बघून घ्यावं. अभय प्रत्येक वेळी "घेतो, घेतो" म्हणाला. नाशिकला एवढी रुग्णालयं. पण कधी मीटिंग निघाली, कधी पोरांची परीक्षा. बायकोनं दोनदा वेळ घेतली, दोन्ही वेळा त्यानं रद्द केली. आईच्या डोळ्यात रोज सकाळी डोकावणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यात बघवत नव्हतं. पद्मक्कांच्या हे लक्षात आलं होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

त्या दिवाळीत तो एकटाच दोन दिवस आधी आला. दुपारी पद्मक्का आतल्या खोलीत गेल्या, तर तो यंत्रासमोरच्या स्टुलावर बसला होता. यंत्र बंद होतं.

"यात दुसऱ्या कुणाचं बघता येतं?" त्यानं विचारलं.

"येतं. शाहीननं बघितलंय. नवीन माणूस म्हणून सांगायचं त्याला."

"निकाल कुणाला जातो?"

"सांगितलं नाहीस तर कुणालाच नाही."

तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "तू थांबतेस?"

पद्मक्कांनी क्षणभर विचार केला. थांबावं असं फार वाटत होतं. "नाही," त्या म्हणाल्या. "तुझं तू बघ. मी स्वयंपाकघरात आहे."

त्यांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आमटीला फोडणी दिली, पाट मांडला, ताट वाढायला घेतलं. मिनिटभराचं काम होतं, पण दार बराच वेळ उघडलं नाही. पद्मक्कांनी एकदाही हाक मारली नाही.

शेवटी अभय आला आणि पाटावर बसला. ताटाकडे बघत म्हणाला, "डाव्यात काही नाही."

पद्मक्कांनी त्याला आमटी वाढली.

"उजव्यात कोंब आहे म्हणतंय. अगदी बारीक. गळत नाही." त्यानं वर बघितलं. "आई, मी काय करू?"

एवढा एक प्रश्न त्यानं त्यांना कितीतरी वर्षांत विचारला नव्हता. पद्मक्का त्याच्यासमोर बसल्या आणि भाकरी मोडून त्याच्या ताटात ठेवली.

"आत्ता नीट दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग आधी जेव. उद्या नौशादकडं जाऊ. तो सांगेल, तू विचार, आणि ठरव. मी शेजारी बसतो."